क्वाडच्या चार बॉड्या आणि नॉर्बेर रिल्यू

गळीत हंगामात कुठल्याही साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये, म्हणजे रस आटवायच्या विभागात, शिरा. ओळीनं उभी असलेली चार-पाच उंच, गोल, बंद भांडी दिसतील. प्रत्येकाच्या पोटाला काचेच्या खिडक्या, आत उकळणारा रस, आणि एका भांड्याच्या डोक्यातून निघून पुढच्याच्या कमरेत शिरणारा जाडजूड पाइप. कारखान्यात या भांड्यांना बॉडी म्हणतात. चार असतील तर सगळी मिळून क्वाड, पाच असतील तर क्विंट. ही साखळी ज्या माणसानं पहिल्यांदा नीट चालवून दाखवली तो नॉर्बेर रिल्यू, १८०६ साली न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला कृष्णवर्णीय इंजिनिअर. स्पेलिंग बघून 'रिलियक्स' वाचावंसं वाटतं, पण नाव फ्रेंच आहे आणि शेवटचा एक्स मुका.

साखर तंत्रज्ञान शिकणाऱ्याला रिल्यूचे नियम परीक्षेपुरते पाठ असतात. नियमांमागचा माणूस कोण, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितलं जातं. आणि बाहेर जिथे कृष्णवर्णीय संशोधकांच्या याद्या फिरतात, तिथे 'साखरेचं यंत्र शोधलं' एवढ्यावर त्याला उरकतात. दोन्हीकडे अर्धीच गोष्ट. त्याचं खरं काम काय होतं ते कळायला आधी रस आटवण्यात अडचण काय असते ते बघावं लागतं.

गुऱ्हाळ आपल्याला माहीत आहे. चुलवाणावर उघडी काहील, खाली चिपाडाचा जाळ, वर गुळव्या मळी काढत उभा. रस उकळतो, वाफ आभाळात जाते. ती वाफ जाताना काय घेऊन जाते याचा हिशेब साधा आहे. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण २९३ किलोज्यूल लागतात. तेच पाणी १०० अंशांवर वाफ व्हायला २२५७ किलोज्यूल, म्हणजे साडेसात पटींहून जास्त. हा अप्रकट उष्मा. काहिलीवरची वाफ तो सगळा घेऊन उडून जाते. रसाला मिळालेल्या उष्म्यातला मोठा हिस्सा असा काहिलीच्या तोंडातूनच जातो.

दुसरी अडचण तापमानाची. पाणी कमी होत जातं तसा पाकाचा उकळणबिंदू वर सरकतो. गुळाची काहील उतरवताना तो ११८ अंशांच्या आसपास असतो. एवढ्या तापमानाला साखर काळवंडते आणि फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. गुळाला ते चालतं, रंगरूप आणि चव त्यातूनच येते. दाणेदार पांढरी साखर हवी असेल तर तोच भाग थेट तोटा, कारण फुटलेली साखर दाणा धरत नाही, मळीत (मोलॅसिसमध्ये) जाते.

लुईझियानात १८३० च्या दशकात साखर जवळपास गुऱ्हाळासारखीच करत. फरक इतकाच की एका काहिलीऐवजी विटांच्या एकाच लांब भट्टीवर चार-पाच कढया ओळीनं बसवलेल्या. सर्वांत मोठी ग्रांद, मग फ्लांबो, मग सिरो, आणि जाळाच्या ऐन तोंडावर सर्वांत लहान बात्री. रस मोठ्या कढईत घालायचा, आटत आला की लांब दांड्याच्या पळ्यांनी पुढच्या कढईत ओतायचा. हे काम गुलामांकडून करून घेतलं जाई. उकळता पाक, उघडी कढई, हंगामभर रात्रपाळ्या. अंगावर सांडलेला पाक कातडीला चिकटतो आणि पाण्यापेक्षा जास्त भाजतो. वर लाकूड गाड्याच्या गाड्या लागे. आणि बात्रीत क्षणभर उशीर झाला की माल करपलाच.

व्हॅक्युम पॅन तोपर्यंत आलेलं होतं. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजानं १८१३ सालीच बंद भांड्यातली हवा ओढून साखर कमी तापमानाला उकळून दाखवली होती. रंगाचा प्रश्न त्यानं सुटला, इंधनाचा नाही. पॅनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये गार पाण्यावर मारून फुकट घालवायची, म्हणजे अप्रकट उष्मा पुन्हा गटारात. देरोन आणि केल या फ्रेंच जोडीच्या यंत्रात या वाफेच्या नळ्यांवरून थंड रस सोडून थोडा उष्मा वाचवत, पण तेवढंच.

रिल्यूचा विचार सांगायला एका वाक्यात मावतो: एका भांड्यातली वाफ हीच पुढच्या भांड्याची आग. पण त्यात एक गाठ आहे. पहिल्या भांड्यातला रस १०० अंशांवर उकळत असेल तर त्याची वाफही १०० अंशांचीच. तिनं दुसऱ्या भांड्यातला रस १०० अंशांवर उकळणार नाही. उष्मा वाहायला तापमानात फरक लागतो. म्हणून दुसऱ्या भांड्यावरचा दाब पहिल्यापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस ८५-९० अंशांवरच उकळेल. तिसऱ्यात आणखी कमी. शेवटच्या भांड्याला कंडेन्सर आणि व्हॅक्युम पंप जोडला की हा दाबाचा उतार आपोआप तयार होतो, कारण प्रत्येक भांड्याची वाफ पुढच्याच्या नळ्यांवर निवून पाणी होते आणि तिची जागा रिकामी पडते. शिवाय रस जसा घट्ट होतो तसा तो थंड भांड्यात पोहोचतो. करपण्याची भीती जिथे सर्वांत जास्त, तिथेच तापमान सर्वांत कमी. कढयांच्या रांगेत हे नेमकं उलटं होतं: सर्वांत घट्ट पाक सर्वांत कडक जाळावर.

हे सुचायला वाफेचं शास्त्र पक्कं हवं, आणि ते रिल्यूकडे होतं. वडील व्हॅन्सां रिल्यू गोरे मळेवाले आणि स्वतः यंत्रं बनवणारे. आई कॉन्स्टन्स व्हिव्हां ही कृष्णवर्णीय वंशाची मुक्त स्त्री. मुलगा जन्मानं मुक्त. न्यू ऑर्लिन्सला पैसेवाल्या मिश्रवंशीय घरांतली मुलं शिकायला फ्रान्सला पाठवायची पद्धत होती, तसा तो पॅरिसच्या एकोल सांत्रालला गेला आणि १८३० साली, चोविसाव्या वर्षी, तिथेच उपयोजित यांत्रिकी शिकवायला लागला. वाफेच्या इंजिनांवर त्यानं लेखही लिहिले. (चित्रकार एदगार दगा हा त्याच्या नात्यातला; दगाची आजी रिल्यू घराण्यातली. ही माहिती प्रत्येक लेखात असते म्हणून इथेही, साखरेशी तिचा काही संबंध नाही.)

लुईझियानात परतल्यावर पहिले प्रयत्न फसले. एका मळ्यावर १८३४ साली केलेली उभारणी चालली नाही. जमलं ते १८४३ नंतर, थिओडोर पॅकवूड या मळेवाल्यानं आपल्या मर्टल ग्रोव्ह मळ्यावर यंत्र बसवायचं ठरवलं तेव्हा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेचं पेटंट क्रमांक ३,२३७ मिळालं, १८४५ मध्ये यंत्र व्यवस्थित चालू झालं, आणि डिसेंबर १८४६ मध्ये सुधारित मांडणीचं दुसरं पेटंट, क्रमांक ४,८७९. यंत्रं फिलाडेल्फियाच्या मेरिक अँड टाउन या फाउंड्रीनं ओतली. १८४९ पर्यंत ती फाउंड्री गिऱ्हाइकाला तीन मापं देत होती: दिवसाला ६,०००, १२,००० किंवा १८,००० पौंड साखर. सर्वांत मोठं म्हणजे आठ टनांच्या जरा वर. आज २५०० टन रोजच्या गाळपाचा मध्यम कारखाना ११ टक्के उताऱ्यानं दिवसाला २७५ टन काढतो. माप बदललं, तत्त्व तेच आहे.

एक गोष्ट मात्र बदलली आणि ती सांगायला हवी, नाहीतर जुनं चित्र बघून गोंधळ होतो. रिल्यूच्या भांड्यांत नळ्या आडव्या होत्या, रेल्वे इंजिनाच्या बॉयलरसारख्या. वाफ नळीतून आणि रस नळीभोवती. आपल्याकडच्या बॉडीत उभ्या नळ्यांची कॅलॅन्ड्रिया असते: रस नळीच्या आत, वाफ बाहेर, मधोमध रस खाली उतरायला रुंद डाउनटेक. ही रचना रॉबर्ट या मोराव्हियातल्या कारखानदाराची, रिल्यूच्या मागोमाग आलेली. उभ्या नळीत उकळता रस बुडबुड्यांबरोबर स्वतःच वर चढतो, आणि हंगामात ती वरून ब्रश घालून घासता येते. भांडं रॉबर्टचं, साखळी रिल्यूची.

आता आकडे. ताशी १०० टन ऊस गाळणारा कारखाना धरा. मिलवर मारलेलं पाणी धरून साधारण १०० टन क्लिअर ज्यूस, म्हणजे स्वच्छ केलेला रस, क्वाडला येतो, ब्रिक्स १५ (शंभर भाग रसात विरघळलेला माल १५ भाग). क्वाडमधून सिरप काढायचा ६० ब्रिक्सचा. रसात विरघळलेला माल १५ टन. तो ६० टक्के असेल तर सिरप २५ टन. म्हणजे ताशी ७५ टन पाणी उडवायचं आहे.

एकाच भांड्यात उडवलं तर ढोबळ मानानं ७५ टन वाफ लागेल. दोन भांड्यांत साडेसदतीस, तिनात २५, चारात १९, पाचात १५. हा रिल्यूच्या नावानं ओळखला जाणारा पहिला नियम: जितकी भांडी, एक किलो वाफ तितके किलो पाणी उडवते. आता दुसऱ्या बाजूनं बघा. शंभर टन उसामागे बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, २८ ते ३० टन मिळतो, निम्मा ओला. एक टन बगॅसपासून दोन-सव्वादोन टन वाफ धरली तर सगळी मिळून साठ-पासष्ट टन. एका भांड्याला एकट्याला ७५ हवी, अजून पॅन आणि ज्यूस हीटर बाकीच आहेत! म्हणजे ही साखळी नसती तर कारखाना स्वतःच्या बगॅसवर चाललाच नसता; लुईझियानासारखं लाकूड किंवा कोळसा आणावा लागला असता. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, पुढे गावोगाव राहिले, आणि आता तेच कारखाने बगॅस जाळून महावितरणला वीज विकतात, त्या सगळ्या अर्थकारणाच्या पायाशी हा भागाकार आहे.

इथे एक गैरसमज हमखास होतो. 'एक बॉडी वाढवली की क्वाडची ताकद वाढेल.' नाही वाढत. पहिल्या बॉडीला येणारी एक्झॉस्ट वाफ (टर्बाइन चालवून बाहेर पडलेली) १२० अंशांची, शेवटच्या बॉडीतलं तापमान ५५ अंशांचं. मधला फरक ६५ अंश. रस घट्ट झाल्यामुळे उकळणबिंदू चढतो त्याचे पाच-सात अंश गेले. उरलेले साठेक अंश चार जणांत वाटायचे की पाच जणांत, एवढाच प्रश्न आहे. पाच झाले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी, म्हणून प्रत्येक नळी पूर्वीपेक्षा कमी काम करते. वाढीव बॉडी वाफ वाचवते, गाळप वाढवत नाही. आणि बचतही घटत जाते: एकावरून दोनवर गेलं की साडेसदतीस टन वाचतात, चारावरून पाचावर गेलं की जेमतेम चार.

शेवटच्या बॉडीचा घुमट आणि वाफेचा पाइप एवढा अवाढव्य का, हेही याच साखळीत आहे. वातावरणाच्या दाबाला एक किलो वाफ पावणेदोन घनमीटरच्या आत मावते. शेवटच्या बॉडीत व्हॅक्युम ६६० मिलिमीटर, म्हणजे आत दाब फक्त १०० मिलिमीटर पाऱ्याचा. तिथे पाणी ५२ अंशांना उकळतं आणि तीच एक किलो वाफ ११ घनमीटर होते. ती वेगानं वर जाताना रसाचे थेंब ओढून नेते. त्यासाठी डोक्यात सेव्हऑल बसवलेला असतो, पत्र्यांवर आपटून थेंब खाली पडावेत म्हणून. रसाची पातळी चढवली, व्हॅक्युम एकदम वाढवलं किंवा सेव्हऑलचे पत्रे सुटले तर साखर वाफेबरोबर निघून जाते. शेवटच्या बॉडीतली गेली तर कंडेन्सरच्या पाण्यात, मधल्या बॉडीतली गेली तर पुढच्या बॉडीच्या कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ निवून झालेल्या पाण्यात. हे पाणी चुकून बॉयलरला गेलं तर पाणी आंबट होतं, फेसाळतं, आणि नळ्यांना धोका. म्हणून लॅबवाला पाळीत वारंवार नमुना तपासतो: परीक्षानळीत कंडेन्सेट, त्यात अल्फा-नॅप्थॉलचे चार थेंब, मग नळी तिरकी धरून कडेनं हळूच तीव्र सल्फ्युरिक आम्ल. दोन थरांच्या सांध्यावर जांभळं कडं उमटलं की साखर आहे. पहिल्या बॉडीचं कंडेन्सेट एक्झॉस्टचं असल्यानं बहुधा शुद्ध. तरी नळी फुटली असेल तर तिथेही कडं दिसतं.

रसाची पातळी नळीच्या उंचीच्या एक तृतीयांशाच्या आसपास ठेवायची. नळी भरून रस ठेवला की उकळी चांगली दिसेल असं वाटतं, आणि नवखा ऑपरेटर तेच करतो. पण खालच्या रसावर वरच्या रसाचं वजन येतं, तिथला उकळणबिंदू चढतो, आणि आधीच तुटपुंजा असलेला तापमानाचा फरक तिथेच खर्च होतो. पातळी फार उतरवली तर नळीचं वरचं टोक कोरडं पडून तिथे साखर करपते.

तिसरा नियम सर्वांत दुर्लक्षित: जिथे जिथे वाफ निवते, तिथून न निवणारे वायू सतत बाहेर काढायची सोय हवी. ऐकायला किरकोळ वाटतो. रसात विरघळलेली हवा, कार्बन डायऑक्साइड, रसातल्या नायट्रोजनच्या संयुगांतून सुटणारा अमोनिया, ग्लँडमधून (पंप-व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सांध्यातून) ओढली जाणारी बाहेरची हवा, हे सगळं वाफेबरोबर पुढच्या कॅलॅन्ड्रियात जातं. वाफ पाणी होऊन निघून जाते, वायू मागे राहतात आणि नळ्यांभोवती पांघरूण घालतात. अर्ध्या तासात ती बॉडी 'मरते': वाफ आहे, दाब आहे, उकळी नाही.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे, दोन उपकरणं लागतात. कॅलॅन्ड्रियाचा दाब बघा आणि तिथलंच तापमान बघा. समजा निरपेक्ष दाब ०.८ बार आहे. शुद्ध वाफ असेल तर थर्मामीटर साडेत्र्याण्णव दाखवायला हवा. तो ८८ दाखवत असेल तर आतल्या वाफेचा स्वतःचा दाब फक्त ०.६५ बार आहे, उरलेला ०.१५ बार हवेचा. म्हणजे पाचव्या हिश्शाला जवळपास हवाच भरली आहे. व्हेंटचा, म्हणजे वायू बाहेर सोडायच्या तोटीचा, व्हॉल्व्ह उघडा, दहा मिनिटांत थर्मामीटर चढेल.

व्हेंट कुठे काढायचा यालाही विचार लागतो. वाफ जिथून शिरते त्याच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, कारण वाफ वायूंना तिकडेच ढकलत नेते. अमोनिया वाफेहून किंचित हलका, म्हणून एक तोटी वरच्या ट्यूब प्लेटजवळ (नळ्यांची टोकं बसवलेल्या जाड पत्र्याजवळ). हवा आणि कार्बन डायऑक्साइड जड, म्हणून दुसरी खाली. जुन्या कारखान्यांत या पाइपांना आजही अमोनिया पाइप म्हणतात. पितळी नळ्यांच्या काळात तो अमोनिया पितळ खाऊन टाकायचा. पहिल्या बॉडीच्या कॅलॅन्ड्रियात दाब वातावरणाहून जास्त, तिचा व्हेंट उघड्यावर सोडला तरी चालतो. व्हॅक्युमखालच्या कॅलॅन्ड्रियाचा व्हेंट उघड्यावर सोडलात तर वायू बाहेर जाण्याऐवजी बाहेरची हवा आत येईल. तो कंडेन्सरकडेच जोडावा लागतो. आणि व्हॉल्व्ह उघडा म्हणजे सताड नव्हे. सताड उघडला की वायूंबरोबर कामाची वाफही कंडेन्सरला जाते आणि पहिल्या नियमानं जे कमावलं ते इथून गळतं.

माझ्या मते रिल्यूची खरी करामत इथे आहे. वाफ पुन्हा वापरावी हे सुचणारे इतरही होते. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी आठवडेच्या आठवडे न गुदमरता चालवायची म्हणजे कंडेन्सेट कुठून काढायचं, हवा कुठून काढायची, रस एका दाबातून दुसऱ्या दाबात कसा न्यायचा, हे बारीकसारीक प्रश्न सोडवायचे. युरोपात त्याच्या यंत्राच्या पहिल्या नकला झाल्या त्या नीट चालल्या नाहीत, आणि बदनामी मूळ कल्पनेची झाली.

साखळीचा शत्रू म्हणजे साका, नळ्यांच्या आत बसणारा थर. पहिल्या बॉड्यांत फॉस्फेट आणि सेंद्रिय साका, थोडा मऊ. शेवटच्या बॉडीत सिलिका, दगडासारखा. दोन-तीन आठवड्यांत सिरपचा ब्रिक्स ६० वरून ५५ वर घसरतो आणि पॅनवाले ओरडायला लागतात, कारण क्वाडनं न उडवलेलं पाणी मग पॅनमध्ये उडवावं लागतं, तेही एका किलोला एक किलो वाफ मोजून. मग बॉडी थांबवून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काही तास उकळायची, धुवायची, गरजेप्रमाणे आम्ल, आणि सिलिका हटत नसेल तर नळीत कटर फिरवायचा.

आता एक कडू भाग. रिल्यूला पेटंट मिळालं ते तो मुक्त होता म्हणून. पळ्या घेऊन कढयांपाशी उभ्या असलेल्या गुलामाला अशीच काही युक्ती सुचली असती तर? याचं उत्तर कागदावर आहे. मिसिसिपीतल्या ऑस्कर स्टुअर्ट या मळेवाल्यानं १८५७ साली एका कापूस खुरपणी यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. यंत्र नेड नावाच्या त्याच्या गुलामानं बनवलेलं, हे त्यानं अर्जातच मांडलं. गुलाम माझा, म्हणून शोधही माझा, असा दावा. १८५८ साली अमेरिकेचे अॅटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक यांनी मत दिलं की गुलामाच्या शोधाला पेटंट मिळूच शकत नाही. मालकाला नाही, कारण त्यानं शोध लावला नाही. गुलामाला नाही, कारण कायद्याच्या लेखी तो नागरिक नाही. स्टुअर्टनं यंत्र विकायचं ते विकलंच. मेरीलँडमधल्या अॅनापोलिसला बेंजामिन ब्रॅडली या गुलामानं बंदुकीची नळी आणि पोलादाचे तुकडे जुळवून वाफेच्या इंजिनाचं मॉडेल बनवलं, पुढे मोठं इंजिनही. पेटंट घेता येईना, तेव्हा ते विकून त्यानं स्वतःची मुक्तता विकत घेतली. पेटंटच्या वहीत जे नाव नाही ते नाव शोधणाऱ्यालाही सापडत नाही. या काळातल्या कृष्णवर्णीय कारागिरांची यादी तोकडी दिसते त्याचं एक कारण हे आहे.

रिल्यूच्या बाबतीतही सगळं सरळ नाही. त्याची गिऱ्हाइकं गुलाम राखणारे मळेवाले होते. पॅकवूडचा भागीदार आणि यंत्राचा मोठा पुरस्कर्ता ज्युडा बेंजामिन पुढे यादवी युद्धात दक्षिणेच्या मंत्रिमंडळात बसला. यंत्रानं पळ्यांचं जीवघेणं काम कमी केलं आणि त्याच वेळी गुलामांच्या श्रमावर उभा असलेला धंदा जास्त फायद्याचा केला. यंत्र बसवायला आलेल्या रिल्यूला मळेवाल्याच्या पंगतीत मात्र जागा नव्हती. १८५० च्या दशकात मुक्त कृष्णवर्णीयांवरचे निर्बंध आणखी कडक होत गेले. त्याच सुमारास त्यानं न्यू ऑर्लिन्सभोवतीची दलदल उपसून डासांचा आणि रोगराईचा उपद्रव कमी करायची योजना मांडली, ती फेटाळली गेली. यादवी युद्धाच्या आधी तो फ्रान्सला परतला तो कायमचा, आणि काही वर्षं यंत्रं सोडून इजिप्तची चित्रलिपी वाचत बसला.

दुसरा नियम मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो त्याच्या म्हातारपणाशी जुळतो. नियम असा: क्वाडच्या एखाद्या बॉडीतली वाफ बाहेरच्या कामाला काढून घेतली तर वाचणारी वाफ म्हणजे काढलेली वाफ गुणिले त्या बॉडीचा क्रमांक, भागिले एकूण बॉड्या. ज्यूस हीटरला ताशी ८ टन वाफ हवी आहे. थेट एक्झॉस्ट दिली तर बचत शून्य. चारपैकी दुसऱ्या बॉडीची दिली तर आठ गुणिले दोन भागिले चार, म्हणजे ४ टन वाचले. तिसरीची दिली तर ६. शेवटच्या बॉडीची वाफ तर कंडेन्सरलाच जाणारी, पूर्ण फुकट. पण ती ५५ अंशांच्या आतबाहेर, तिच्यावर मिलवरून आलेला थंड रस फार तर चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत तापतो. म्हणून टप्पे पाडतात: थंड रस शेवटच्या वाफेवर, पुढे तिसरीच्या, मग दुसरीच्या, आणि उकळीपर्यंतचा शेवटचा टप्पा पहिलीच्या वाफेवर. ज्या बॉडीतून वाफ काढायची तिच्यात आणि तिच्या आधीच्या बॉड्यांत तापवणी पृष्ठ जास्त लागतं. ते न वाढवता नुसता पाइप जोडला की पुढच्या बॉड्या उपाशी राहतात, सिरप पातळ येतो, आणि दोष व्हेपर ब्लीडिंगला, म्हणजे अशी वाफ काढून घेण्याला, दिला जातो.

१८८१ साली, पंचाहत्तरीला टेकलेल्या रिल्यूनं बीटच्या साखर कारखान्यांसाठी घेतलेलं पेटंट हेच होतं: रस तापवायला आणि पॅन उकळायला ताजी वाफ न देता क्वाडमधल्याच वाफा द्यायच्या. तो ८ ऑक्टोबर १८९४ ला पॅरिसमध्ये वारला. पेर लाशेझच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. न्यू ऑर्लिन्सच्या संग्रहालयात साखरधंद्यानं त्याच्या नावाची ब्राँझची पाटी १९३४ साली लावली. अमेरिकन केमिकल सोसायटीनं त्याच्या यंत्राला ऐतिहासिक रासायनिक टप्प्याचा मान दिला तो २००२ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्याच डिलर्ड विद्यापीठात. दूध पावडरच्या प्लँटमध्ये, कागद गिरणीच्या काळ्या लिकरवर (लगदा शिजवून उरलेल्या काळ्या पाण्यावर), समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांत आज हीच साखळी चालते, आणि तिथेही बॉडी मेली की आधी व्हेंटच बघतात.